ट्रकला समुद्रात उतरवणाऱ्या शेठजींस

प्रति,
श्रीमान 'मरीन इंजिन'वाले शेठ,
मुक्काम: कोकण किनारा, पत्र्याची शेड, हिरव्या रंगाच्या डब्यांमागे.



पत्र नांदुऱ्याहून लिहितोय. नांदुरा म्हणजे बुलढाणा जिल्हा. नकाशात शोधणार असाल तर आधी समुद्रावरचं बोट उचला. सह्याद्री चढा, गोदावरी ओलांडा, अजिंठ्याचे डोंगर उतरा, आणि पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीवर बोट टेकवा. हायवेवर 105 फुटी मारुती दिसला की समजा पोचलात. समुद्र ओलांडण्याचा अनुभव असलेले आमच्या गावात तेवढे एकच, आणि त्यांनी तो कुणाकडून इंजिन न घेता ओलांडला. आपली नि त्यांची गाठ पडली नाही, हे त्यांचं नशीब.

आपलं नाव या पत्रात घालत नाही. एक तर अब्रूचा प्रश्न आहे, आणि अब्रू आपली आहे म्हणजे प्रश्न फारच नाजूक. दुसरं असं की आपल्यासारखे किनाऱ्यावर एकटे-दुकटे नाहीत. हे पत्र वाचून त्यातल्या प्रत्येकाला ते आपल्यालाच आलंय असं वाटलं, तर टपालाचा खर्च वाचला.

माझी ओळख सांगतो. मी डिझेल फिटर. जुना सहा नंबरचा हायवे, ज्याला आता 53 म्हणतात, त्याच्या कडेला माझी हयात गेली. सुरतेहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या ट्रकचं इंजिन आमच्या टप्प्यात बसलं की ते माझ्यासारख्याच्याच हातात यायचं. म्हणजे आपला माल नवा असतो तेव्हापासून मी ओळखतो. आपल्या शेडमध्ये तो 'मरीन' होऊन निघतो, त्याआधीचे त्याचे सगळे जन्म मला पाठ आहेत.

आता आपला नि माझा संबंध कसा आला तेही ऐका. माझी थोरली दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायला गेली आणि हर्णैच्या एका तांडेलाचा मुलगा नवरा म्हणून पसंत करून परतली. आमच्याकडे आधी सगळे गप्प झाले, मग लग्न झालं, मग वर्षभरात आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर सुका बांगडा रुळला. कापसाच्या मुलखातल्या माणसाला असे एकदम होडीवाले व्याही मिळाले.

व्याह्यांची होडी त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली. सागाच्या फळ्या, सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवलेली, वर राळ. पहिल्यांदा ती उलगडून पाहिली तेव्हा मला त्या कापसाचंच अप्रूप वाटलं. आमच्या शेजारच्या खामगावचा कापूस न्यायला इंग्रजांनी 1870 साली जलंबपासून वेगळा रेल्वेफाटा टाकला. त्यातला एखादा गठ्ठा कुठल्या तरी होडीच्या सांध्यात जाऊन बसलाही असेल. ते जाऊ द्या. सांगायचं इतकंच की होडी जुनी होती, पण निरोगी होती. 3 जून 2020ला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडची छपरं उडवली, तेव्हा ती आंजर्ल्याच्या खाडीत दोर ताणून उभी होती. एक फळी सरकली नाही.

म्हातारं झालं होतं ते तिचं इंजिन. दोन सिलिंडरचं, संथ फिरणारं, जड फ्लायव्हीलचं. ब्लॉकला तडा गेला, वेल्डिंगनं भरला, पुन्हा गेला. सुटे भाग बंद झाले. इंजिन बदलणं भागच होतं, आणि नेमका इथंच, शेठ, आपला प्रवेश होतो. नाटकात खलनायक एवढ्या वेळेवर येत नाही.

व्याह्यांपुढे दुसरे रस्ते नव्हते असं नाही. नवं, कंपनीचं, खरं मरीन इंजिन मिळतं. किर्लोस्कर बनवतं, अशोक लेलँड बनवतं. पण त्याची किंमत ऐकून तांडेल खाली बसतो. जुन्या लाकडी होडीवर बँक कर्ज द्यायला कुरकुरते. सरकारची मत्स्य संपदा योजना 2020 साली आली, 20,050 कोटींची म्हणून गाजली. त्यात अनुदान सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. उरलेला हिस्सा कुठून आणायचा, हे योजनेत लिहिलेलं नसतं, ते मच्छीमारानं आपल्या बायकोच्या गळ्याकडे पाहून ठरवायचं असतं. नाहीतर दलाल आहेच. तो उचल देतो आणि पुढचा सगळा मासा आपल्याच काट्यावर आणायला लावतो. अशा वेळी आपण मोटारसायकलवरून उतरलात आणि म्हणालात, "नाखवा, दोनाचे सहा करून देतो. निम्म्याहून कमी पैशात. मरीन."

काय शब्द आहे! एका शब्दावर एवढा मोठा संसार चालवणारा माणूस मी हायवेवर पाहिला नाही, आणि हायवेवर मी पुष्कळ पाहिलं आहे.

होडीच्या पोटातली फळी उचलून मी आपलं ते मरीन पाहिलं. हिरवा रंग सुंदर होता. दोन हात दिलेले, ओघळ नाहीत. नवी कोरी ॲल्युमिनियमची पट्टी रिबिटनं ठोकलेली, तिच्यावर हॉर्सपॉवर. पण शेठ, पंख्याचा ब्रॅकेट काढायचा राहिला होता. ज्या फॅनला समुद्रात काही काम नाही, त्याचे चार बोल्ट हिरवा शालू नेसून तिथंच बसले होते. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला कुणा मिस्त्रीनं खिळ्यानं ओव्हरहॉलची तारीख कोरलेली होती. ही सवय आमच्या हायवेची. ते इंजिन मी स्वतः कधी उघडलं होतं असा दावा करत नाही, पण त्याच्या भाऊबंदांना मी उघडलेलं आहे. अपघातात चॅसी गेली, इंजिन भंगारात गेलं, भंगारातून आपल्याकडे आलं, आणि आपण त्याला नवा जन्म दिलात. पुनर्जन्मावर माझा विश्वास नव्हता. तो आपण बसवलात.

मी आपल्याला फोन केला होता, आठवत असेल. विचारलं होतं, रेडिएटर काढलात, मग ब्लॉक कशावर थंड होतो? आपण म्हणालात, "समुद्राचं पाणी आहे की! तुमच्याकडं विहिरीवरच्या इंजिनात पण थेट पाणीच जातं ना?"

शेठ, या उत्तरासाठी मी आपल्याला मनापासून दाद देतो, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि आपला धंदा त्याच अर्ध्यावर उभा आहे. आमच्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन थेट विहिरीच्या पाण्यावर थंड व्हायचं. पाणी वर ओढायचं, त्यातलंच थोडं जॅकेटमधून फिरवायचं, गरम झालं की पाटात सोडायचं. पण विहिरीचं पाणी गोडं असतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते पाणी तापलं की त्यातले क्षार धातूवर धरतात, आणि साठ अंशांच्या वर गेलं की जोरात धरतात. म्हणून जी इंजिनं मुळात थेट समुद्राच्या पाण्यावर चालायला बनवलेली असतात, ती मुद्दाम थंड ठेवतात. ट्रकचा थर्मोस्टॅट ऐंशीच्या आसपास उघडतो. तो तसाच ठेवून आपण आत खारं पाणी सोडलंत. जॅकेटच्या वाटा पुटं धरून अरुंद होतात, हेड एका बाजूनं तापतं, वाकतं, गॅस्केट सोडतं. याला मी बिघाड म्हणणार नाही, हे वेळापत्रक आहे.

खऱ्या मरीन इंजिनात ब्लॉकच्या आत गोडं पाणी बंदिस्त फिरतं. ते थंड करायला हीट एक्स्चेंजर असतो. त्याच्या तांबं-निकेलच्या नळ्यांच्या एका बाजूनं गोडं पाणी जातं, दुसऱ्या बाजूनं खारं, आणि दोघं एकमेकांना शिवत नाहीत. नाहीतर होडीच्या तळाला बाहेरून पाइप फिरवून त्यात गोडं पाणी खेळवतात. तो उपाय साधा आहे, आमच्यासारखा फिटरही करू शकतो. जस्ताच्या कांड्या लावतात, म्हणजे गंज आधी जस्ताला खातो आणि इंजिनाला सोडतो. आपल्या हिरव्या देवाला यातलं काहीच नव्हतं. जस्ताची कांडी कुठंय असं मी विचारलं, तर आपण म्हणालात, "ते एक्स्ट्रा पडेल." खरंय. गंजाला नैवेद्य दाखवायचा म्हणजे खर्च आलाच.

एक्झॉस्टचं तर बोलूच नका. ट्रकमध्ये मॅनिफोल्डला समोरून वारा लागतो. होडीच्या पोटात वारा कुठला? खऱ्या मरीन इंजिनाच्या मॅनिफोल्डभोवती पाण्याचा जॅकेट असतो. आपण त्याऐवजी गोणपाट गुंडाळलंत. लाकडी होडी, डिझेलचा वास, तापून लाल होणारा लोखंडी नळ, आणि त्याच्याभोवती गोणपाट. होळीला एवढी जय्यत तयारी आमच्या गावात होत नाही.

आता हॉर्सपॉवर. आपल्या पट्टीवरचा आकडा खोटा नसेलही. पण तो ट्रकचा आकडा आहे. ट्रक मलकापूर ते खामगाव सपाट जातो, उतारावर दम खातो, टोलनाक्यावर उभा राहतो, ढाब्यावर झोपतो. पूर्ण ताकद त्याला कधीमधी लागते. होडीला उतार नसतो. तिचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यात फिरतोय तोवर भार तो भारच. बुलढाण्याला जायचा राजूर घाट माहीत आहे का? होडीतलं इंजिन म्हणजे भरलेला ट्रक घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत राजूर घाट चढतच राहणारा ड्रायव्हर. म्हणून मरीन इंजिनाची ताकद सततच्या भारासाठी मोजून, कमी करून सांगतात. आपण ती पूर्ण सांगितलीत, वर थोडी आपल्या पदरची घातलीत. उदार माणूस.

आणखी एक बारीक गोष्ट, जी व्याह्यांना कळली नाही आणि मला पाहताक्षणी कळली. पंखा पाणी मागं लोटतो, तेव्हा तो शाफ्ट पुढं ढकलतो. होडी चालते ती त्याच ढकल्यावर. हा ढकला झेलायला मरीन गिअरमध्ये थ्रस्ट बेअरिंग असतं. ट्रकमध्ये शाफ्ट चाकं फिरवतो, त्याला कुणी पुढं-मागं ढकलत नाही, त्यामुळे हा भार सतत झेलायला त्याचा गिअरबॉक्स बनवलेलाच नसतो. क्रँकला लांबीच्या दिशेनं दाब बसतो तो ड्रायव्हरनं क्लच दाबला तेवढ्यापुरता, म्हणून तिथं पातळ वॉशर पुरतात. आपण ट्रकचाच गिअरबॉक्स ठेवलात. रोज संपूर्ण होडी ढकलण्याचा भार आपण अशा बेअरिंगांवर आणि वॉशरांवर टाकलात, ज्यांना तो जन्मात माहीत नव्हता. घरातल्या सगळ्यात बारक्या पोरालाच पाणी भरायला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. आपण त्यांचे गुरू शोभता.

तरीही मी म्हटलं, चला, निदान वेग वाढला असेल. दोनाचे सहा झाले ना! त्यासाठी आपल्याला एका इंग्रजाची ओळख करून द्यावी लागेल. विल्यम फ्रूड नावाचा हा गृहस्थ 1870च्या दशकात टॉर्की गावी लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची छोटी मॉडेलं ओढून पाहत असे. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाटा उठवते, आणि वेग एका मर्यादेपलीकडे न्यायचा म्हटलं की आपण उठवलेल्या लाटेवर तिला स्वतःलाच चढावं लागतं, हे त्याच्या कामातून उलगडलं. ही मर्यादा होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, 1.34नं गुणा. पाण्यात 30 फूट बसणाऱ्या जाड पोटाच्या होडीला येतात साधारण सव्वासात नॉट. ताशी साडेतेरा किलोमीटर. यापलीकडे कितीही सिलिंडर घाला, होडी शेपूट खाली बसवते, नाक वर करते, मागं मोठी लाट काढते आणि डिझेल पिते. मर्यादेच्या आतसुद्धा सहाचे सात नॉट करायचे तर ताकद दीडपटीहून जास्त लागते, कारण ती वेगाच्या घनानं वाढते. उलटं धरलं तर वेग थोडा कमी केला की इंधन भसकन वाचतं. आपल्याला हे सांगून उपयोग नाही, कारण डिझेलचं बिल आपण भरत नाही.

बरं, पंखा तरी बदललात? नाही. संथ फिरणाऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी बसवलेला जुना पितळी पंखा तोच ठेवलात. इंजिनाचे फेरे, गिअरचं प्रमाण, पंख्याचा व्यास आणि पीच ही चौकडी जुळवावी लागते. यातलं एक बदललं की बाकीची तिन्ही बोंबलतात. इंजिन आपल्या फेऱ्यांपर्यंत पोचेना, गुदमरायला लागलं, काळा धूर ओकू लागलं. व्याह्यांनी फोन केला तर आपण म्हणालात, "नवं आहे, सेट होऊ द्या." भंगारातून आणलेल्या मालाला नवं म्हणायला जी जीभ लागते, ती आपण कुठल्या कंपनीची वापरता?

आणि वजन. ते सहा सिलिंडरचं धूड गिअरबॉक्ससकट अर्ध्या टनाहून जड. जुन्या होडीचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसवायचे ते दोन जाड वासे, जुन्या हलक्या इंजिनाच्या हिशेबानं होते. थरथरीनं त्यांचे बोल्ट ढिले झाले. मग पठाणाजवळचे, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईजवळचे, सांधे सुटले. विहीणबाई म्हणाल्या, होडीत आता रोज पाणी उपसावं लागतं. निसर्ग वादळानं जे केलं नाही ते आपण केलंत, तेही पावती न देता.

पावसाळी मासेमारी बंदी 1 जूनला लागते आणि 31 जुलैला संपते. बंदी उठली, नारळ वाहून होड्या बाहेर पडल्या. ऑगस्टचा समुद्र अजून रागातच असतो. सुवर्णदुर्ग मागं टाकून बऱ्याच आत गेल्यावर आपलं मरीन थांबलं. हेड गॅस्केट गेलं होतं. खारं पाणी सिलिंडरमधून तेलात उतरलं, आणि ऑइलची काडी बाहेर काढली तर वर पांढुरकी साय. व्याही, जावई आणि खलाशी, सगळे त्या होडीत. वारा किनाऱ्याकडे नव्हता. नांगर टाकून रात्र काढली. बर्फ वितळला. सकाळी गावचीच एक होडी दिसली, तिनं दोर टाकून ओढत आणलं. शेठ, त्या होडीत दोन सिलिंडरचं म्हातारं इंजिन होतं. आपल्या सहांना त्या दोघांनी घरी आणलं. हर्णैच्या किनाऱ्यावर मासा उतरवून घ्यायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, ते दृश्य बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. त्या दिवशी आमच्या होडीपाशी गाडी आली नाही. घ्यायलाच काही नव्हतं.

दोर टाकणाऱ्या तांडेलानं पैसे घेतले नाहीत. समुद्रात अडकलेल्याकडून घेत नाहीत म्हणे. ही रीत आपल्या शेडपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

कागदांचं पाहू. होडीच्या नोंदणीवर इंजिनाचा नंबर असतो, ताकद असते. आपण ट्रकचा नंबर घासून गुळगुळीत केलात आणि कागदांवर काय लिहायचं ते "नंतर बघू" म्हणालात. परवाना एक बोलतो, पोटातलं इंजिन दुसरंच बोलतं. उद्या काही झालं तर विमावाला पहिल्यांदा नंबर बघणार आणि फाइल मिटणार. घासलेला नंबर बघून पोलिसांना चोरीचा ट्रक आठवला, तर हवालदारासमोर उभं राहणार ते आमचे व्याही. आपण तेव्हा दुसऱ्या बंदरात दुसऱ्या कुणाचे दोनाचे सहा करत असाल.

सगळं आपल्याच माथी मारणं बरोबर नाही, एवढा न्याय मीही पाळतो. आपल्याला गिऱ्हाईक मिळतं ते किनाऱ्यावर ताकदीची जी शर्यत लागली आहे तिच्यामुळे. राज्य सरकारनं 5 फेब्रुवारी 2016ला पर्ससीन जाळ्यांवर बंधनं घातली, केंद्रानं 2017मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी मोठ्या बोटी भरमसाट ताकदीची चिनी इंजिनं लावून रात्री समुद्र उजळतात, आणि लहान होडीवाल्याला वाटायला लागतं की आपणही जोर लावल्याशिवाय मासा मिळणार नाही. त्याच्या या धास्तीवर आपलं दुकान चालतं. पण शर्यत लावणाऱ्यांनी निदान आपला माल काय आहे ते लपवलेलं नाही. आपण ट्रक विकलात आणि होडी म्हणालात. धास्ती घेतलेल्या माणसाला खोटं औषध विकणारा माझ्या मते रोगाहून वाईट.

आणि हे सगळं ज्या होडीवर केलंत ती होडी वाया गेलेली नव्हती, याचा मला सगळ्यात राग आहे. जुनी होडी घेणं, चालवणं, तिला नवं इंजिन देणं यात मूर्खपणा काहीच नाही. अंगानं धड असलेली सागाची होडी फेकून फायबरची घ्यायला प्रत्येकाला परवडत नाही, आणि घ्यायची गरजही नसते. तिला तिच्या पोटाला झेपेल एवढं इंजिन हवं होतं: जुन्याच्या आसपासच्या ताकदीचं, खरं मरीन गिअर असलेलं, गोड्या पाण्यावर थंड होणारं, आणि त्याला जुळवून काढलेला पंखा. वापरलेलंच घ्यायचं तर एखाद्या होडीतून निघालेलं, कागद असलेलं घ्यायचं. एवढंच. आपण हे करू शकत होतात. हात चांगला आहे आपला. रंगाला एकही ओघळ नव्हता.

आता हिशेब. आपण इंजिन परत घ्या आणि घेतलेले पैसे परत द्या. सांधे पुन्हा भरायला लागलेला कापूस, राळ आणि सुताराची मजुरी त्यात धरा. फाउंडेशन आम्ही आमच्या पैशानं करू. आपण दिले नाहीत तर व्याही ग्राहक आयोगाकडे जातील. नंबर घासल्याच्या खुणांचे फोटो, आपली ती ॲल्युमिनियमची पट्टी आणि आपल्या फोनची नोंद जावयानं जपून ठेवली आहे. तो दापोलीला शिकलेला आहे, अर्ज नीट लिहितो.

हो, आणि एक निमंत्रण राहिलंच. आमच्या तालुक्यात पूर्णेवर जिगावचं धरण होत आहे. नव्वदच्या दशकापासून होतच आहे, त्यामुळे घाई नाही. पण ते पुरतं भरलं की आमच्याकडे मोठा जलाशय असेल, भोई बांधवांचे डोंगे असतील, आणि कुणाला तरी इंजिन बसवावंसं वाटेल. त्या दिवशी आपण हिरव्या रंगाचा डबा घेऊन अवश्य या. हायवेवर मारुतीपाशी उतरा आणि कुणालाही फिटर कुठं बसतो ते विचारा. आपलं इंजिन उघडून दाखवायला मी चार माणसं जमवून ठेवतो.

कळावे,
आपला,
एक फिटर,
हायवेच्या कडेला, नांदुरा.

ता.क. शेठ, हे शेवटचं आपल्यासाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी आहे. जुनी होडी किंवा तिच्यासाठी वापरलेलं इंजिन घेत असाल तर रंग बघू नका. ऑइलची काडी काढून तेल पांढुरकं आहे का बघा. इंजिनाचा नंबर बोटानं चाचपा; घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पाणी कुठून आत जातं आणि कुठून बाहेर येतं ते विकणाऱ्याला हातानं दाखवायला लावा. गिअरबॉक्स मरीन आहे का ट्रकचा, हे तोंडी न ऐकता पट्टीवर वाचा, आणि पट्टी नवी असेल तर तिच्या मागं काय आहे ते विचारा. होडीच्या फळ्यांवर, विशेषतः इंजिनाखालच्या, लाकडी मोगरीनं ठोकून बघा; धड लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. आणि किनाऱ्यावर बांधलेल्या होडीत इंजिन चालू करून दाखवलं म्हणून पैसे देऊ नका. पाण्यात, पंख्यावर भार टाकून, दोन-तीन तास चालवायला लावा. जो विकणारा एवढा वेळ होडीत बसायला तयार नसेल, त्याचं इंजिन घेऊ नका.